काजळीचे डोंगर, चपलेचा शिक्का

डोंगराचं चित्र काढलं म्हणून एका माणसाला कोठडीत टाकलंय, असं मी सांगितलं तर तुम्ही मानाल का?

नाही मानणार. मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, केलं असेल काहीतरी त्यानं. परवा इथल्या कोजागिरीत मसाला दूध पिता पिता एका सभ्य गृहस्थांनी मला हेच ऐकवलं, "दादा, उगाच कुणी आत जात नाही हो." मी पेला तिथंच खाली ठेवला आणि निघून आलो. अजून दोन मिनिटं थांबलो असतो तर ते पातेलं कुणाच्या तरी डोक्यावर गेलं असतं.

तर सांगतो. तुम्ही ऐका, मग ठरवा.

माणसाचं नाव तुळशीदास मेस्त्री. गाव कणकवलीच्या आत, एसटी जिथं वळून परत फिरते त्याच्याही पुढं. धंदा बोर्ड रंगवण्याचा. आज तो कुवेतमध्ये कोठडीत आहे आणि त्याच्यावर आरोप आहे की त्यानं स्वतःच्या कंपनीचा खोटा शिक्का बनवला. ईद झाली की केस उभी राहील. कंपनीनं त्याआधी तक्रार मागे घेतली तर सुटला. नाही घेतली तर शिक्षा, आणि शिक्षेनंतर बोटांचे ठसे घेऊन विमानात. मग आखाताचा एकही दरवाजा त्याला जन्मात उघडणार नाही, आणि गावात शिरेल तो खोटे शिक्के मारणारा म्हणून.

शिक्का त्यानं बनवला होता. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो. लपवाछपवी माझ्यानं होत नाही. पण कशासाठी बनवला ते ऐकायला कुणाला वेळ नाही.

तुळशीदास आला ब्याण्णवमध्ये. आखातातली लढाई संपली होती, तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, पण अहमदीतल्या घरांच्या भिंतींवर ती काजळी अजून होती. तेलकट, चिकट. हात लावला की हात काळा, हात पुसला की पँट काळी. कंपनीनं याला आणला पेंटर म्हणून आणि हातात दिला ब्रश आणि साबणाची बादली. आधी भिंती धू, मग रंग लाव. हा भडकला. म्हणाला, "मी अक्षरां लिवणारो माणूस. भिंती धुवक माझी बायल पण येतली." मुकादमानं विचारलं, मग परत जातोस का? गप बसला आणि धुतल्या.

पण अक्षरांचा माणूस होता हे खरं. वर्षभरात बोर्ड लिहायला लागला. अरबीचा एक शब्द वाचता येत नव्हता, तरी अरबी असं लिहायचा की दुकानदार बोर्डासमोर उभा राहून मान डोलवायचा. फरवानियातले निम्मे सलूनवाले आणि बकालेवाले, म्हणजे आपले वाणी, यांचे बोर्ड त्याच्या हातचे. मी विश्वासराव, एसी दुरुस्तीचा माणूस, त्याच भागात शिडी घेऊन फिरायचो, तशी ओळख झाली. स्वभावानं फाटक्या तोंडाचा आणि महागर्विष्ठ. दुसऱ्यानं रंगवलेला बोर्ड दिसला की रस्त्यात थांबून नावं ठेवायचा. "ह्या बघ, ह्या अक्षराक मुडदूस झालो हा." आमचं जमलं ते त्यामुळेच. नम्र माणसांचा मला कंटाळा येतो.

मग आलं ते कॅलेंडर.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. एका प्लँटवर तो पाइपांवर बाण आणि आकडे रंगवत होता. तिथल्या ऑफिसात कुणीतरी गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढून कचऱ्यात टाकलं होतं. जपानी कंपन्या असली गुळगुळीत कॅलेंडरं वाटतात. याला वाटलं, देवांचे फोटो असतील, नाहीतर बायकांचे. उचललं. बघतो तर प्रत्येक पानावर नुसतं काळं-पांढरं. डोंगर, झाडं, पाणी, कुठंतरी एक झोपडी आणि तीळभर माणूस. बाकी सगळं कोरं.

तिथले इंजिनिअर दीनानाथ साहेब, पुण्याचे, मराठी बोलतो म्हणून याला ओळखायचे. त्यांनी आपल्या बरोबरच्या जपानी माणसाला विचारलं आणि याला सांगितलं की ही चित्रं बौद्ध भिक्षूंनी काढलेली आहेत. पाचशे वर्षांपूर्वीची. मठात राहायचे, ध्यानाला बसायचे आणि डोंगर काढायचे. शाई कसली, तर दिव्याची नाहीतर पाइनच्या लाकडाची काजळी सरसात मळून वडी करायची आणि ती दगडावर पाण्यात उगाळायची, बस. आणि गंमत म्हणजे यातल्या कित्येकांनी ते डोंगर डोळ्यांनी बघितलेच नव्हते. चीनमधून चित्रं यायची, ती बघून काढायचे.

तुळशीदास त्या दिवशी माझ्याकडे आला तो धावतच. "दादा, ऐकलंस? ते भिक्षू पण बॅचलरच! आमच्यासारखे. खोलयेत बसान लांबचो डोंगर काढीत." लग्न झालेलं असो नसो, बायको गावी ठेवून खोलीवर राहतो तो इथं बॅचलरच.

"आणि जेवण?" मी म्हटलं.

"मेस आसतली मठात."

त्यानंतर त्याला वेडच लागलं. काजळी काय, कोकणातल्या कुठल्याही आईला धरता येते. एरंडेलाचा दिवा, वर पालथी ताटली. डिंक सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मिळतो, ढिगानं. कागद म्हणून सुरुवातीला बुटांच्या खोक्यातला पातळ कागद घेतला, तो भिजून फाटला. मग भिंतीच्या कागदाखाली लावतात तो अस्तराचा कागद कामावरून आणला. तो शाई पितो, पसरवतो. त्या भिक्षूंच्या चित्रात रेघेच्या कडेला जसा ओलावा दिसतो तसाच थोडाफार दिसायला लागला.

खोलीत दुमजली खाटा. महादेव म्हणून एक आचारी त्याच्या खालच्या खाटेवर. त्यानं पहिलं चित्र बघितलं आणि म्हणाला, "मेल्या, ह्या काय? तव्याचा बूड पुसलंस कागदार?"

"धुकां आसा ता."

"खंय आसा? माका तर कायच दिसना नाय."

"दिसना नाय म्हणानच धुकां."

सगळी खोली हसली. तुळशीदासनं कागद चुरगाळून महादेवच्या ताटात फेकला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

त्याला खरा त्रास वेगळाच होता. बोर्डवाल्याचं अक्षर चुकलं तर रॉकेलच्या फडक्यानं पुसतो, पुन्हा लिहितो. इथं रेघ पडली की पडली. कागद ती पिऊन टाकतो, वरून डागडुजी केली की चिखल होतो. त्यात बोर्डावर रिकामी जागा म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान. दुकानाचं नाव झालं, मालकाचं नाव झालं, फोन झाला, तरी जागा उरली तर कोपऱ्यात एक गुलाब काढायचा, हा त्याचा आयुष्यभराचा रिवाज. आणि हे भिक्षू अर्धा कागद सोडून देतात! तो त्या कोऱ्या जागेपाशी यायचा आणि हात थांबेना. झाड काढायचा. पक्षी काढायचा. एकदा तर होडी काढली आणि होडीवर शिडाला नंबर टाकला. मग स्वतःलाच शिव्या घालत बसायचा.

"दादा, सोडूचा कसा ता शिकवणारो कोण गावत नाय," म्हणायचा. "भरूक सगळे शिकवतत."

हळूहळू जमायला लागलं. मला चित्रातलं कळत नाही, पण एक चित्र माझ्या लक्षात आहे. डाव्या अंगाला दोन तिरक्या काळ्या रेघा, म्हणजे त्याच्या गावामागची घाटी. खाली ओलसर राखाडी पट्टा. बाकी काही नाही. ते बघितलं आणि मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. बाहेर पन्नासच्या घरात ऊन होतं.

आता शिक्क्याचं.

त्या कॅलेंडरातल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा लाल चौकोन होता. आत काहीतरी अक्षरं. दीनानाथ साहेबांनी सांगितलं, तो काढणाऱ्याच्या नावाचा शिक्का. झालं! तुळशीदासच्या डोक्यात बसलं की त्या लालशिवाय चित्र पुरं होत नाही. खरंच होतं ते. सगळ्या काळ्यात तो एवढासा लाल ठिपका पडला की चित्र जागं होतं.

शिक्का कोरायचा कशाचा? जुन्या चपलेच्या तळव्याचा. ब्लेड होतंच. पण अक्षरं उलटी कोरायची, ती सवय नाही. आता बोर्डवाल्यांची शिकायची रीत तुम्हाला सांगतो. त्यांना ना शाळा, ना पुस्तक. नमुना समोर ठेवायचा आणि हुबेहूब उतरवायचा. हात बसला की मग आपलं काढायचं. सगळे असेच शिकतात. तर यानं समोर नमुना ठेवायला शिक्का शोधला. त्याच्याजवळ शिक्का मारलेली एकच वस्तू होती, गेटवर दाखवायचा पास. त्यावर कंपनीचा चौकोनी शिक्का, आत अरबी अक्षरं.

तो त्यानं कोरला.

मला मोठ्या ऐटीत दाखवला. डाव्या वरच्या कोपऱ्यात ब्लेड घसरून कडेला खाच पडली होती, बाकी काम उत्तम. आणि या शहाण्यानं तो आपल्या चित्रांवर मारायलाही सुरुवात केली होती. मी म्हटलं, "तुळशी, अरे हे कंपनीचं नाव आहे. कापून टाक ते."

"कित्याक? मी काय कंपनीच्या कागदार मारतंय? चित्रार मारतंय."

"पण नाव तरी तुझं टाक."

"कॅलेंडरावरचो शिक्को माका वाचूक येयना नाय. ह्योय येयना नाय. मगे झाला मां बरोबर?"

त्याच्या डोळ्यांना तो लाल चौकोन बरोबर दिसत होता, त्याच्या दृष्टीनं विषय संपला. पुढच्या वर्षी हात बसल्यावर त्यानं देवनागरीत 'तुळशी' असा शिक्का कोरला आणि मग तोच वापरला. पहिला मात्र ठेवून दिला. पहिला हात तो, असा कोण टाकून देतो? एका पत्र्याच्या डब्यात ब्लेडं, रबराचे तुकडे, लाल शाईची गादी, सगळं जपून.

मधल्या काळात स्टिकर कापणारं यंत्र आलं. मशीनमध्ये अक्षरं टाका, ती कापून देते, कुणीही चिकटवा. बोर्डवाल्यांचा धंदा बसला. तुळशीदासला पुन्हा भिंतींना रंग द्यायला पाठवलं. रोलर हातात. ज्या माणसानं अक्षराला मुडदूस झाला म्हणून रस्त्यात भांडणं काढली, तो दिवसभर एकाच रंगाच्या भिंती ओढत होता. घरी यायचा आणि काजळी उगाळायचा. बोलणं कमी झालं. चिडणंसुद्धा कमी झालं. मला ते आवडलं नाही. त्याच्यासारखा माणूस चिडायचा थांबला की समजावं, आतून काहीतरी गेलंय.

या उन्हाळ्यात कंपनीत प्रकरण निघालं. काही कामगारांनी पगाराचे खोटे दाखले वापरले होते, वर कंपनीचा खोटा शिक्का. कुणी मारले ते अजून कुणाला माहीत नाही. मालकानं मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, फैलावर घेतलं. मुदीरनं खोल्या तपासायला सांगितल्या. तपासणाऱ्यांत होता यूसुफ, कंपनीचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. हाही आपलाच, दापोलीकडचा.

डबा निघाला. यूसुफनं रबराचा तुकडा उचलला, उलटी अक्षरं वाचली आणि विचारलं, "ह्यो कुनी कोरला?"

खोलीतल्या कुणीही जीभ चावली असती. तुळशीदास छाती काढून पुढं झाला. "मी कोरलंय. बघ हात!"

वर्षानुवर्षांत कुणीतरी त्याचं काम हातात घेऊन निरखत होतं ना. त्याला वाटलं, कौतुक करतायत.

संध्याकाळपर्यंत तो कोठडीत.

मी भेटायला गेलो तेव्हा मधे जाळी होती आणि आजूबाजूला इतकी माणसं ओरडत होती की आम्हीही ओरडतच बोललो. दाढी वाढलेली. पहिलं वाक्य काय, तर, "दादा, तेंका चित्रां दाखव. माझ्या ट्रंकेत आसत."

मी ती बघून आलो होतो. "त्यांच्यावर सगळ्यांवर 'तुळशी' आहे रे. चपलेच्या शिक्क्याचं एकही नाही. ते म्हणतील, हा शिक्का दाखल्यांसाठी यंदाच कोरला."

तो जाळीला नाक लावून म्हणाला, "दीनानाथ सायबांकडे आसा. घाटयेचा. पयला चांगला झाला ता तेंकाच दिलंय मी. भिंतीर लायलेला आसा, येणाऱ्या-जाणाऱ्याक जपानी झेन म्हणान दाखयतत. चपलेचो शिक्को आसा, आणि खाली साल घातलंय. बोर्डार घालतो तसा."

ते दोन तिरक्या रेघांचं चित्र! मला जीवात जीव आल्यासारखं झालं.

यूसुफला मी चहाच्या टपरीवर गाठला. आधी चार शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "झाला तुजा? आता आईक. मी नसता दिला डबा तर दुसऱ्यानं दिला असता, आनि माजा अकामा पन त्याच कंपनीवर हाय. मना पोरं हायत." अकामा म्हणजे इथं राहायचा परवाना.

"मग काय करायचं ते बोल."

"मुदीर काय वाईट मानूस नाय. पन मालकाफुडं त्याची मान खाली गेलेली हाय. त्याला काय तरी दाखवाया पायजे मालकाला. तू जुना कागद आन. ह्योच शिक्का, हीच खाच, आनि साल. सा-सात नको, एक आन. मी सोता त्याच्या टेबलावर ठेवतो. चार वर्सांपूर्वी चित्रावर मारायचा ह्यो येडा, दाखल्यावर नाय, एवढा दिसला ना, तक्रार मागं घ्यायला त्याला तोंड मिळंल."

"नक्की?"

"नक्की काय इथं कोन देतो? पन दुसरा काय हाय तुज्याकडं?"

शुक्रवारी सकाळी मी अहमदीला दीनानाथ साहेबांच्या घरी गेलो. बैठी घरं, पुढं झाडं, बाहेरगावी आल्यासारखं वाटतं. दार उघडलं त्यांच्या मुलीनं, शलाकानं. कॉलेजच्या वयाची. "पापा इज नॉट होम, अंकल."

आत पेपरचं पान उलटलं.

"बाळ, पापांना म्हणावं तुळशीदासचा माणूस आलाय. पापा घरी आले की सांग. मी पायरीवर बसतो."

दोन मिनिटांत पापा घरी आले. मला आत घेतलं. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली रंगाचा एक स्वच्छ चौकोन. मी त्याच्याकडे बघतोय हे साहेबांनी बघितलं.

"विश्वासराव, बसा ना. चहा?"

"चित्र कुठाय साहेब?"

"हे बघा, मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. मनापासून. पण तुम्ही परिस्थिती समजून घ्या..."

"चित्र कुठाय?"

त्यांनी चष्मा काढला. "ते आता नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"फाडलं मी. अहो, पोलीस केसमधला शिक्का माझ्या घरात, भिंतीवर! उद्या कुणी म्हटलं असतं की यांनीच करून घेतला, तर? माझ्या सिक्युरिटी क्लिअरन्सचा प्रश्न आहे. मुलीच्या ॲडमिशनचं वर्ष आहे."

"कधी फाडलं?"

"त्याला नेला असं कळलं त्याच दिवशी."

मी बोललो. काय बोललो ते इथं छापता येणार नाही, आणि छापलं तरी त्याचा उपयोग नाही. थोडक्यात इतकंच, की चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे आमच्या एका कामगाराचं, अगदी जपानी झेन परंपरेतलं" असं सांगत चहा पाजलात, तेव्हा तो शिक्का दिसत नव्हता का? आवाज ऐकून शलाका दारात आली होती. "पापा, यू सेड इट फेल डाउन," ती म्हणाली. साहेबांनी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

मी बाहेर पडलो. एवढ्या लांब येऊन हातात काय, तर खिळा. बस स्टॉपपर्यंत पाय ओढत गेलो असेन तोवर मागून कुणीतरी हाक मारली. चारुशीलावहिनी, साहेबांच्या मिसेस. उन्हात अनवाणी आल्या होत्या, चपला घालायलाही थांबल्या नव्हत्या.

"दादा, ऐका. ते एकच नव्हतं."

"काय?"

"त्या शिक्क्याचं चित्र. तेवढं एकच नव्हतं." त्यांना धाप लागली होती. "त्याच वर्षीच्या गणपतीत आम्ही मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. बक्षिसं मीच जमवत होते. तुळशीदास आला आणि म्हणाला, वहिनी, बक्षीस मी देतो. आणि गठ्ठाभर चित्रं आणून दिली. सगळ्यांवर तो लाल शिक्का होता. मला आठवतंय, कारण मुलं रडली होती."

"रडली?"

"रंगपेट्या मिळतील असं वाटलं होतं हो त्यांना. आणि मिळाले काळे डोंगर. एक मुलगा तर म्हणाला, काकू, याच्यात कलर राहिलाय. मी भरू का?" वहिनी हसायला गेल्या आणि त्यांचे डोळे भरले. "तुळशीदास तिथंच उभा होता. म्हणाला, भर, पण डोंगर सोड."

"कुणाकुणाला दिली?"

हे त्यांना सांगता येईना. चार-पाच आडनावं आठवली. त्यातली बहुतेक मंडळी कंत्राट संपवून गेलेली. पुणे, नाशिक, ठाणे, कुणी कुठं. जे इथं उरलेत त्यांच्याकडे मी गेलो. बनेद अल-गारमधल्या एका बाईंनी सांगितलं, घर बदलताना टाकलं असेल. दुसऱ्यांनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. तिसऱ्यांनी फार प्रेमानं चहा दिला, मुलाला बोलावलं, आणि मुलानं आठवून सांगितलं की त्या चित्राच्या मागच्या बाजूवर त्यानं शाळेचा प्रोजेक्ट केला होता. प्रोजेक्ट शाळेनं ठेवून घेतला. शाळेत जाऊन आलो. तिथं नाही.

मधे आनंदीवहिनींचा, म्हणजे तुळशीदासच्या बायकोचा, फोन आला. गावातल्या बूथवरून. त्या एवढंच विचारत होत्या, "तेंका सोडतले मां?" मी म्हटलं, प्रयत्न चाललाय. "प्रयत्न नको सांगू, दादा. सोडतले मां, ता सांग." मागं लाइनीत उभा असलेला कुणीतरी घाई करत होता. मी काहीतरी बोलायच्या आत लाइन कट झाली, आणि खोटं कशाला बोला, मला बरं वाटलं.

परवा पुन्हा त्याला भेटलो. या वेळी तो ओरडला नाही, म्हणून मला जाळीला कान लावावा लागला. मी दीनानाथ साहेबांचं सांगितलं, आणि तो विसरूनच गेला होता त्या गणपतीतल्या बक्षिसांचंही. मला वाटलं शिव्या देईल, निदान जाळीवर हात आपटेल. काही नाही. मी त्याला जरा धीर द्यावा म्हणून म्हटलं, तुझे ते भिक्षूही असेच खोलीत बसून राहायचे ना, तसे थोडे दिवस काढ.

"भिक्षूंचा सांगू नको माका," तो म्हणाला. "तेंका कोणी इचारूक नव्हता, शिक्को खंय गावलो म्हणान." मग जाळीत बोटं अडकवून म्हणाला, "दादा, आदी डोळे मिटलंय की घाटी दिसायची. एकेक रेघ. आता मिटलंय की शिक्कोच दिसता. लाल. बाकी सगळा कोरा."

भेटीची वेळ संपली. तो वळून गेला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

आता तुमच्याकडे येतो.

तुम्ही किंवा तुमचं कुणी अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत कुवेतमध्ये होतं का? तुमच्या मुलाला, भाचीला, शेजाऱ्यांच्या पोराला चित्रकलेचं बक्षीस म्हणून न आवडलेला काळा डोंगर मिळाला होता का? तो परत येताना बॅगेत तळाशी घातला असेल. आजीच्या घरी गेला असेल. कपाटाच्या कप्प्यात साडीखाली अंथरला असेल. पोरानं त्यात रंग भरले असतील तरी चालेल, त्यावर वांग्याची भाजी सांडली असेल तरी चालेल. मला फक्त कोपरा हवाय. लाल चौकोन, आत अरबी अक्षरं, डाव्या वरच्या बाजूला खाच, आणि खाली पेन्सिलीनं घातलेलं साल.

घाबरू नका. चित्र घरात असणं हा गुन्हा नाही, आणि ज्यांना भीती वाटावी अशी माणसं इथं आहेत, तिकडं नाहीत. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही. ईद तोंडावर आली आहे. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही, आणि तुळशीदासनं तर मार्ग शोधणंच सोडलंय.

वाचून झालं असेल तर हे पान मिटा, उठा, आणि आत्ता, उद्या नाही, आत्ता कपाटं, माळे, ट्रंका उघडून बघा. सापडलं तर फाडू नका, पुसू नका. हे ज्या अंकात वाचताय त्याच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवून द्या.